हत्ती अजून नदीतच

॥ श्री ॥
मु. धार, वैशाख वद्य ३, शके १८३०

चि. कुसुमावती हीस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या आईचे वर्षश्राद्ध उरकून मी देवासहून परतलो त्याला महिना होऊन गेला. तीनदा कागद घेऊन बसलो आणि तीनदा उठलो. लिहायचे होते ते लाजेचे होते, म्हणून हात चालेना. आज लिहितोच.

श्राद्धाच्या दिवशी पंगत उठल्यावर तुझे बाबा काय म्हणाले ते तुलाही ठाऊक आहे. "मामा, आपल्या घरात वाचणे टिकत नाही. मी पोरपणी अक्षरे गिरवली, आठ दिवसांत सोडली. पोरगीही सोडील. मग तिला शाळेत कशाला ठेवायची? दिवाळीनंतर नाव काढतो आणि स्थळ बघतो." तेव्हा मला राहवले नाही आणि मी बोलून गेलो, "कृष्णराव, असे कसे म्हणता? मी रोज वाचतो."

कुसुम, ते खोटे होते. पागेत चाळीस वर्षे गेली, त्यात घोड्यांच्या दाण्याच्या चिठ्ठ्या आणि घरची पत्रे लिहिण्यावाचण्यापुरते मोडी शिकलो. छापील बाळबोध मला एकेक अक्षर टेकत टेकत लागते. रोजचे वाचन कसले! पण जावईबापूंनी लगेच शब्दात धरले. तुझ्या बक्षिसाचे हिरव्या पुठ्ठ्याचे पुस्तक माझ्या हाती दिले नि म्हणाले, "मग दसऱ्याला या. मी उघडीन ते पान वाचून दाखवा. वाचलेत तर पोरगी चौथी पुरी करील. नाही तर मला पुन्हा काही सांगायचे नाही."

तू दाराआडून हसत होतीस. तुला वाटले आबा जिंकलेच. म्हणून माझी झोप गेली आहे. तुझी शाळा माझ्या एका थापेवर लटकली आहे. पुस्तकाची अठ्ठ्याऐंशी पाने आहेत, डोळे चौसष्ट वर्षांचे. काय करू ते कळव. बाबांना यातले काही सांगू नकोस.

तुझा आबा,
गणोजी

---

॥ श्री ॥
मु. देवास, ज्येष्ठ शुद्ध २, शके १८३०

तीर्थस्वरूप आबा यांस कुसुमचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही रोज वाचत नाही हे मला तेव्हाच कळले होते. तुम्ही पुस्तक उलटे धरले होते. मी त्यालाच हसत होते.

पण त्यात घाबरण्यासारखे काय आहे? दसऱ्याला चार महिने आहेत. आमच्या बाई सांगतात, रोज एकच पान वाचावे, पण रोज वाचावे. उत्साह आला म्हणून दहा वाचू नयेत आणि कंटाळा आला म्हणून शून्य वाचू नये. वेळ ठरवून टाका. मोठ्याने वाचा, म्हणजे चुकले तर कानाला कळते. अठ्ठ्याऐंशी पाने म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवस. दसऱ्याच्या आधी महिनाभर पुस्तक संपेल आणि तुम्ही तांबूल खात बसाल.

माझी शाळा धाकट्या पातीच्या, म्हणजे देवासच्या दुसऱ्या महाराजांच्या, हद्दीत आहे, ठाऊक आहे ना? रस्ता ओलांडला की राज्य बदलते. बाबा थोरल्या पातीच्या देवडीवरचे हवालदार, म्हणून त्यांचे सोबती त्यांना चिडवतात, "काय हवालदार, पोरगी रोज परमुलखात जाते?" ते हसत नाहीत. म्हणून म्हणते, आबा, तुम्ही वाचाच.

मी बाबांना काही सांगणार नाही. आत्याआजीला नमस्कार. ती तुम्हाला उठवील.

तुमची
कुसुम

---

॥ श्री ॥
मु. धार, आषाढ शुद्ध १२, शके १८३०

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चालू आहे. स्नान करतो, कपाळाला गंध लावतो, चौरंगावर पुस्तक ठेवतो आणि पूर्वेला तोंड करून वाचतो. तुझी आत्याआजी भवानी म्हणते, "दादा, एवढे सोवळे तर देवाच्या पूजेलाही पाळत नाहीस." मी म्हणालो, देवाने माझी परीक्षा ठेवलेली नाही, जावयाने ठेवली आहे.

सहाव्या पानावरची ती व्यापाऱ्याच्या हत्तीची गोष्ट फार चांगली आहे. हत्ती नदीच्या मध्यावर थांबतो आणि माहुताने कितीही अंकुश टोचला तरी पाऊल उचलत नाही. ते पान आता मला घडाघडा येते. समोरचा तुकाराम खोगीर शिवता शिवता ऐकतो. त्याला अक्षरओळख नाही, पण त्यालाही पाठ झाले. काल मी ओसरीवर बसतो न बसतो तोच तो पलीकडून ओरडला, "काय गणोजी भिया, हत्ती अजून नदीतच का? बिचाऱ्याचे पाय भिजून सडले की!" गल्लीतली माणसे हसली. हसू देत.

काळजी एवढीच, की नेम नीट टिकत नाही. मध्ये ताप आला, स्नान झाले नाही. मग अमावास्या आली, तो अनध्याय. अष्टमीलाही वाचू नये असे ऐकले आहे. एकदा इंदूरचे पाहुणे आले. पण मी हयगय करत नाही. मोडले की यथासांग पुन्हा धरतो.

तुझे बाबा काही बोलतात का? त्यांचा चेहरा कसा असतो, ते लिही.

आबा

---

॥ श्री ॥
मु. देवास, आषाढ वद्य १४, शके १८३०

तीर्थस्वरूप आबा यांस नमस्कार.

तुमचे पत्र चारदा वाचले. आबा, खरे सांगा. ज्येष्ठात सुरू केले, आषाढ सरत आला आणि तुम्ही हत्तीपाशीच कसे? हत्ती सहाव्या पानावर आहे. "यथासांग पुन्हा धरतो" म्हणजे काय करता? नेम मोडला की पहिल्या पानापासून सुरू करता की काय?

तसे असेल तर दसऱ्यालाच काय, माझ्या पोरांच्या दसऱ्यालाही हत्ती नदीतच राहील.

ती पोथी नाही, आबा. तो सप्ताह नाही, अनुष्ठानही नाही. मध्येच थांबले तर खंडित होत नाही. गोष्टींचे पुस्तक आहे ते. स्नान न करता वाचता येते, अष्टमीला वाचता येते, पाय पसरूनही वाचता येते. मी तर ते चिंचा खात वाचले. सत्ताविसाव्या पानावर डाग आहे, तो माझा.

आता मी तुम्हाला तुमचेच विचारते. पागेत घोड्यांना पहाटे चंदी घालायचात, तुम्हीच सांगायचात, चाळीस वर्षांत ती वेळ चुकली नाही. पण समजा एखाद्या दिवशी दाण्याची गाडी आली नाही आणि घोडे उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करायचात? त्या दिवसाची चंदी घालायचात, की घोडा विकत आणला त्या दिवसापासूनची सगळी पुन्हा घालायचात?

लवकर पुढे चला. इकडे सोनकच्छचे एक स्थळ आले आहे. त्यांची शेती आहे आणि मुलगा घोड्यावर चांगला बसतो म्हणे. बाबा त्यांना म्हणाले, "दसऱ्यानंतर सांगतो." चेहऱ्याचे विचारलेत. चेहरा देवडीवर असतो तसाच घरी असतो.

कुसुम

---

॥ श्री ॥
मु. धार, श्रावण वद्य २, शके १८३०

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. नंतर भवानीला वाचून दाखवले. ती इतकी हसली की तिची भाकरी करपली.

होय, मी तेच करत होतो. अकरा पानांपर्यंत गेलो होतो, त्यापुढे कधी नाही. सतरा वेळा मोडले, सतरा वेळा श्रीगणेशा केला. माझा बाप पोथी अशीच वाचवून घेत असे. खंड पडला की पहिल्या अध्यायापासून. छापलेले म्हणजे पोथीच, असे माझ्या मनात बसले होते. कोणी सांगितलेच नाही. मला खूणसुद्धा ठेवावी लागत नव्हती, कारण सुरुवात कुठे असते ते सगळ्यांनाच ठाऊक असते.

आता खूण केली आहे. माझ्या चंद्री घोडीच्या शेपटीचे केस मी तिच्यामागे जपून ठेवले होते. त्यांची वेणी घालून दोरी केली, ती पानात ठेवतो. चंदीची वेळ मला आजही आपोआप जाग आणते. घोडे गेले, जाग राहिली. तीच वेळ धरली आहे. तोंड धुतो, उजाडले की ओसरीवर बसतो आणि खूण असेल तिथून एक पान वाचतो. स्नान मागाहून. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. काही झाले नाही.

आणि कुसुम, बाराव्या पानावर हत्ती नदीतून निघाला! पुढे पाण्याखाली खोल डोह होता, म्हणून तो थांबला होता. त्याने सगळ्यांचा जीव वाचवला. चाळीस वर्षे जनावरांत काढली आणि माझ्या हे आधी ध्यानात आले नाही, त्या माहुतासारखाच मीही त्याला अडेलतट्टू समजत होतो. मी वाचता वाचता ओरडलो, "निघाला!" तुकाराम सुई टाकून धावत आला, म्हणाला, "खरंच? पुन्हा वाच भिया, पुन्हा वाच." त्याच्यासाठी तेवढे एकच पान मागे जाऊन वाचले. तेवढे चालते ना?

आज चोविसाव्या पानावर आहे. सोनकच्छवाल्यांचे दिवसातून चारदा आठवते. पण वाचणे सोडत नाही. न्याहारीआधी वाचले नाही तर भवानी ताट वाढत नाही.

आबा

---

॥ श्री ॥
मु. देवास, भाद्रपद वद्य ५, शके १८३०

तीर्थस्वरूप आबा यांस नमस्कार.

महिना होत आला, तुमचे अक्षर नाही. मी दोन कार्डे टाकली, त्यांचेही उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? पुन्हा पहिल्या पानावर गेला असाल आणि लाजून लिहीत नसाल, तर तसे लिहा. मी हसणार नाही.

सोनकच्छची माणसे दसऱ्यानंतर मला पाहायला येणार आहेत. बाबांनी काल मला विचारले, "आबा येणार ना?" मी म्हटले, येणार. ते म्हणाले, "बघू." मी निर्धास्त आहे. फक्त तुमचे अक्षर एकदा पाहिले म्हणजे आणखी निर्धास्त होईन.

कुसुम

---

॥ श्री ॥
मु. धार, भाद्रपद वद्य १२, शके १८३०

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

जिवाला घोर लावला, माफ कर. तिरल्यास माझा चुलतभाऊ मालोजी वारला. निरोप येताच भवानीला घेऊन मी तिकडे गेलो, घर बंद होते, तुझी कार्डे दाराच्या फटीत पडून राहिली. दहा दिवसांचे सुतक. तू म्हणशील ती पोथी नव्हे. खरे आहे. पण सुतकात पुस्तकाला हात लावणे माझ्याच्याने झाले नाही, एवढी जुनी खोड मोडत नाही. तेराव्याला परत आलो तर पाय सुजलेले. असे तेरा दिवस गेले.

चौदाव्या दिवशी उजाडता ओसरीवर बसलो. पुस्तक उघडायची भीती वाटली. वाटले, सगळे पुसून गेले असेल. आणि सवय काय असते बघ, बोटे आपोआप पहिल्या पानाकडे गेली. पण मध्ये चंद्रीची वेणी होती, तिथे अंगठा अडला. पंचेचाळिसावे पान. तिथूनच वाचले. पहिल्या दोन ओळी जड गेल्या, तिसरीपासून चालले. कुसुम, चव्वेचाळीस पाने जिथल्या तिथे होती. कुठे गेली नव्हती.

आज पन्नासावे झाले. दसऱ्यापर्यंत सगळे होणार नाही, साठ-बासष्ट होईल. जावईबापूंनी पुढचे पान उघडले तर काय, हा विचार रोज एकदा येतो. येतो आणि जातो. मी नवमीला येतो.

आबा

---

॥ श्री ॥
मु. धार, आश्विन वद्य १, शके १८३०

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुला न भेटताच दशमीनंतरच्या पहाटे निघालो, ते भिऊन निघालो. तू दसऱ्याला आत पुरणाशी होतीस, बाहेर काय झाले ते तुला दिसले नाही. म्हणून लिहितो.

नवमीला तू माझे पुस्तक बाबांच्या तलवारीशेजारी पूजेत ठेवलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णराव कमरपट्टा बांधता बांधता आले. झेंडूची पाकळी झटकली आणि तिथल्या तिथे पुस्तक उघडले. एकोणऐंशीवे पान. मी न पाहिलेले. क्षणभर सांगणार होतो, की इथवर मी आलेलो नाही. पण मनात आले, एकोणऐंशीव्यातली अक्षरेही तीच आहेत. वाचायला बसलो. ते ओळीखाली बोट धरून चालले होते, अक्षर अक्षर जुळवत. मी हळू वाचले. दोनदा अडखळलो, मागे जाऊन नीट केले. पण पान पुरे केले.

मग त्यांनी पुस्तक मिटले नाही. वेणी उचलून विचारले, "मामा, ही खूण बासष्टाव्यावर कशी?"

तिथे खोटे बोलवेना. सगळे सांगितले. श्राद्धाला मारलेली थाप, सतरा वेळा मोडलेला नेम, तिरल्याचे सुतक, सगळे. ते म्हणाले, "सतरा वेळा?" मी म्हटले, "सतरा, आणि सुतकाचे अठरावे." तेवढ्यात देवडीवर शिंग वाजले. ते तसेच उठून स्वारीच्या बंदोबस्ताला गेले. रात्रभर आले नाहीत. त्यांचे ते "सतरा वेळा?" माझ्या कानातून जात नाही. वाचून दाखवले, पण मीच माझ्या तोंडाने घालवले असे वाटते. म्हणून तोंड लपवून आलो. पूजेतले पुस्तक उचलायचेही सुचले नाही, ते तिथेच राहिले.

आता हाताशी पुस्तक नाही. पण चंदीच्या वेळी जाग येते. म्हणून तुझी पत्रे काढतो आणि रोज एक वाचतो. हत्तीवरचे वाचले की भवानी अजून हसते.

आबा

---

॥ श्री ॥
मु. देवास, कार्तिक शुद्ध ८, शके १८३०

तीर्थस्वरूप आबा यांस नमस्कार.

तुम्ही एक दिवस थांबायला हवे होते. बाबा एकादशीला दुपारी आले. पहिला प्रश्न, "आबा गेले?" दुसरा, "पुस्तक नेले की आहे?" मी पुस्तक दिले. ते पगडीसुद्धा न काढता उंबऱ्यावर बसले.

सोनकच्छची माणसे आली. बाबा त्यांना पान-सुपारी देऊन म्हणाले, "पोरगी शाळेत आहे. चौथी झाली की मग बोलू." पाहुण्यांनी विचारले, "हवालदार, एवढे शिकवून काय करणार?" बाबा म्हणाले, "मी अक्षरे एकदा सोडली ती सोडलीच. आमचा म्हातारा अठरा वेळा पडला आणि एकोणिसाव्यांदा स्वार झाला. त्याच्या रक्ताची पोर आहे. ती सोडायची नाही." मी आत होते, आबा. पाहुण्यांसाठी भरलेला पाण्याचा तांब्या मीच पिऊन टाकला.

दिवाळीनंतर शाळा उघडली. बाबांनी माझ्या पाटीला शिसवीची नवी चौकट बसवून आणली. नाव काढायचे कोणी काढले नाही.

आणि दुसरी गोष्ट. बाबा पहाटे देवडीवर जाण्याआधी तुमचे पुस्तक वाचतात. अडले की मला हाक मारतात. सहाव्या पानापर्यंत गेले होते. दिवाळीत तीन दिवस जादा पहारा पडला, वाचणे राहिले. परवा बघते तर पुन्हा पहिल्या पानावर! मी म्हटले, बाबा, असे नसते. तर म्हणाले, "तू मला शिकवू नकोस. तुझ्या आबांना विचार. त्यांना ठाऊक आहे." तर आबा, आता तुम्हीच सांगा.

कुसुम

---

॥ श्री ॥
मु. धार, कार्तिक शुद्ध १३, शके १८३०

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले, चौथ्यांदा भवानीने वाचायला लावले, पाचव्यांदा तुकाराम ओसरी ओलांडून आला. तो रडला, मी नाही. मी फक्त चष्मा पुसला.

हे पत्र बाबांसमोर मोठ्याने वाच. जावईबापू, राहिलेल्या दिवसांची चंदी राहिली ती राहिली. घोडा आज भुकेला आहे, त्याला आजची घाला. जिथे थांबलात तिथून वाचा. पहिल्या पानाशी मी दोन महिने घालवले, तिथे आता काही उरलेले नाही. माझी बासष्टाव्यावरची वेणी तशीच राहू द्या आणि तुमची निराळी खूण करा. तलवारीच्या गोंड्याचा एक धागा पुरे.

पुस्तक परत पाठवायची घाई करू नकोस, कुसुम. त्यांचे होऊ दे. माझी उरलेली पाने कुठे जात नाहीत. तोवर तुझ्या जुन्या वाचनपाठांतले एखादे असेल तर इंदूरच्या गाडीने धाड. तुझी सगळी पत्रे दोनदा वाचून झाली आहेत.

एकच काळजी आहे. त्यांना पुन्हा जादा पहारा पडला तर? थंडी वाढली तर? देवडीवर कोणी चिडवले तर? म्हातारा मनुष्य, काहीबाही मनात येते. म्हणून हे पत्र पोचताच, त्याच दिवशी, दोन ओळी टाक. शाळेचे लिही, पण त्याआधी एवढे कळव, की बाबांचा हत्ती नदीतून निघाला का.

वाट पाहतो.

आबा